ट्रॉलीच्या सिलिंडरवरची रेघ

निपाणी, २१ सप्टेंबर २०२५

चि. सोनल हीस,
बाहुबली आप्पाचे अनेक आशीर्वाद. माझ्या कानांनी राजीनामा दिल्यापासून फोन काकूच्या ताब्यात आहे, म्हणून पत्रच लिहितो. बेळगावात तू पोकळ नळकांड्यांच्या भेगांचा अभ्यास करतेस, असं तुझ्या बाबांनी सांगितलं. लग्नाच्या वयात पोरगी भेगा बघत बसलीय व्हय, म्हणून काकू हसली. मी मात्र उठून आपल्या ट्रॉलीपाशी गेलो.

तेलाच्या दाबानं ट्रॉली उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरवर केसाएवढी उभी रेघ आहे. गेल्या दसऱ्याला पूजेआधी ट्रॅक्टर-ट्रॉलीला रंग दिला तेव्हा ती गायब झाली. आता रंग फोडून पुन्हा वर आलीय. उभीच का, आडवी का नाही, एवढं सांग. उत्तर लांबलं तर काकूला स्थळं शोधायला मोकळी सोडीन.
तुझा आप्पा

बेळगाव, २५ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप आप्पांस,
सोनलचा जय जिनेंद्र व सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी खोलीत नाचले. दोन वर्षं मी भेगा फक्त संगणकावर बघतेय. खरी भेग निघाली ती आपल्याच घरी!

तव्यावरची मिरची फुटते ती उभीच ना? तसंच आहे. आत दाब वाढला की नळकांड्याच्या भिंतीला गोलाईच्या दिशेनं जास्त ताण बसतो, लांबीच्या दिशेनं कमी. म्हणून ते उभंच उकलतं.

रेघ वरवरची दिसते. यंदा एवढ्या भागाला रंग देऊ नका. रेघेच्या दोन्ही टोकांना खूण करून ती किती सरकते ते कळवाल? माझ्या प्रबंधाला सोनं मिळेल. लोभ आहेच, तो चिवड्याच्या डब्यातून पाठवावा.
तुमची सोनल

निपाणी, १४ ऑक्टोबर २०२५

चि. सोनल हीस,
अनेक आशीर्वाद. दसऱ्याला सगळी ट्रॉली लालभडक आणि सिलिंडर तेवढा उघडा. काकू म्हणाली, नवरीला अर्धीच हळद लावलीसा की. तरी मी ऐकलं नाही.

रेघ तांदळाच्या दाण्याएवढी पुढं गेली. एवढ्यानं तुझं काय भागणार, म्हणून आता शेणखत शीग लावून भरतो. ओझं वाढलं तशी रेघही बरी चालू लागलीय. ट्रॉली वर उचलली की ती स्पष्ट दिसते, तेव्हा आपला पोरगा वृषभ खाली शिरतो, फडक्यानं तेल पुसतो आणि खूण करतो. आक्काचा अभ्यास लई भारी हाय, असं तो गावभर सांगतो. आता खूश ना?
आप्पा

बेळगाव, १७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप आप्पांस,
सा. न. वि. वि. ‘तेल’ हा शब्द वाचला मात्र, लगेच काकूला फोन केला. वृषभ तेव्हाही खालीच होता. काकूनं ओरडून त्याला बाहेर काढलं आणि ट्रॉली उतरवायला लावली, तोवर मी फोन कानाला लावून रडत होते.

आप्पा, तेल येतं म्हणजे भेग वरवरची नाही. ताण सर्वांत जास्त आतल्या बाजूला असतो. ती आतून सुरू झाली आणि भिंत पार करून आली. बाहेर दिसतं ते तिचं टोक. तुम्ही ओझं वाढवलंत ते माझ्या प्रेमापोटी. मी रेघेची लांबी विचारली. तिच्याखाली कोण उभं राहतं, हे विचारलं नाही. मला माफ करा. तो सिलिंडर पुन्हा वापरू नका, एवढं मागते.
तुमची सोनल

निपाणी, २८ ऑक्टोबर २०२५

चि. सोनल हीस,
अनेक आशीर्वाद. सिलिंडर उतरवून वर्कशॉपमध्ये उभा कापून आणला. बाहेर भेग बोटाच्या पेराएवढी होती, आत चांगली वीतभर. मी तिच्यावर हात पसरून पाहिला. काकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुझ्यावर मात्र तिचा राग नाही, माझाही नाही. रडू नकोस.

तो तुकडा तुझ्या अभ्यासाला पाठवतोय. रविवारच्या बसनं वृषभच घेऊन येतोय, सोबत चिवडाही आहे. तो पिशवी उघडायची घाई करील, पण तू आधी त्याला डोळे भरून बघ, मग भेग.
तुझा आप्पा