बादलीपर्यंतचं गाणं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रिय धाकटी,

आधी आशीर्वाद लिहावेत की आधी 'कशी आहेस' विचारावं, ह्या घोळात दोन कागद फुकट गेले. तेव्हा दोन्ही घे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझ्या अक्षराला तू कोंबडीचे पाय म्हणायचीस, ते अजून तसेच आहेत.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, दारही कुरकुरतं. दोघांना एकाच बाटलीतलं तेल लावते.

बातमी अशी, की आमचा रॉक बँड पुन्हा एकत्र आलाय. हसू नकोस. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, आम्ही नवा अल्बम करतोय. ड्रम वाजवणारा धडाड आठवतो ना? चष्म्याशिवाय त्याला झांज दिसत नाही, पण ऐट तीच. कीबोर्डवाले गुरुजी जेवण झालं की बसल्या जागी पेंगतात. आणि गिटारवर तुझे भावोजी. त्यांना अजून भावोजी म्हणायचं की नाही ते तूच ठरव. मी घर सोडलं तेव्हाच 'अहो' म्हणणंही सोडलं.

आमची जुनी गाणी तुला ठाऊकच आहेत. वीस-वीस मिनिटांची, साडेसात मात्रांची, मध्येच ताल बदलणारी. ऐकणारा आंघोळ उरकून आला तरी सुरुवातीचं वाजवणं चालूच. ह्या वेळी मात्र तुझ्या भावोजींनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "गाणं म्हणजे गाणं. सुरू झाल्या झाल्या आवाज आला पाहिजे. घरी जाताना माणसाला गुणगुणता आलं पाहिजे."

धडाड उखडला. "म्हणजे मला चार मात्रांना बांधणार? खुंट्याला बैल बांधतात तसा?"

गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "वय झालं की पाल्हाळ आपोआप आटतं रे."

सगळे हसले, मीही हसले. ह्या वेळी छोटी गाणी का, ते कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं, म्हणून मीही विचारलं नाही.

मुंगी. लिहिलं एकदाचं हे नाव. आमची तालीम चालू असताना ती दोन्ही कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसायची आणि विचारायची, "आई, ह्यात गाणं कधी येतं?" तिचा बाप तेव्हा पोट धरधरून हसला होता. आता साठी उलटल्यावर तो तिला उत्तर देतोय.

आठ गाणी झाली आहेत. चांगली झाली आहेत, लाजत नाही सांगायला. शेवटचं मात्र अडलंय. ते तुझंच आहे. 'खिडकी निजली, पायरी निजली, दारामधली चप्पल निजली.' आम्ही दौऱ्यावर असलो की मुंगी तुझ्याकडे असायची आणि झोपण्याआधी फोनवर बापाला हे म्हणून दाखवायची. चप्पल निजली की तू रिसीव्हर काढून घ्यायचीस, "चला, झोपायची वेळ झाली." त्यामुळे आम्हाला तेवढंच येतं. चपलेच्या पुढे तुझ्या भावोजींनी 'चांदणी निजली' लिहिलं, 'रात्रही निजली' लिहिलं आणि सगळं खोडलं. म्हणाले, "असं नव्हतं. चांदणीबिंदणी नव्हती त्यात."

मी म्हटलं, "मग कसं होतं?"

"मला काय माहीत!" एवढं ओरडून त्यांनी गिटार खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर रडले. धडाड उगाच झांजा पुसत बसला.

आई मी तिची, धाकटे. लोकांसमोर गाऊन पोट भरलं, आणि माझ्या लेकीच्या झोपेचं गाणं मला पुरतं येत नाही. मला तुझा फार हेवा वाटायचा. अजून वाटतो. तिची प्रत्येक संध्याकाळ तुझ्याकडे होती आणि माझ्याकडे टेलिफोनचा रिसीव्हर. ती गेल्यावर आपण दोघी एकमेकींपासून लपूनच बसलो. चूक कुणाचीच नव्हती, तरीही.

अडला हरी म्हणून हसशील. हस, पण गाढव कोण ते विचारू नकोस. चपलेनंतर काय निजायचं, एवढं कळव. जमलं तर ये आणि तूच गा.

तुझी
ताई

*

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. तीन दिवस ते उशीखाली ठेवलं होतं, मग फोडलं.

चपलेनंतर कंगवा निजायचा आणि कंगव्यानंतर बादली. नजरेला जे पडेल ते मी घ्यायची, त्यात कसली आलीय कविता! 'कोपऱ्यामधली बादली निजली.' त्या ओळीला ती झोपायचीच. त्यापुढे कधी गरजच पडली नाही. भावोजींना सांग, त्यांचं बरोबर आहे, चांदणी नव्हती. आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची.

फक्त त्या रात्री ती बादलीपाशी झोपली नाही. अंगात ताप, डोळे टक्क उघडे. मी खुर्च्या निजवल्या, भांडी निजवली, दिवा निजवला. घरात काही म्हणून उरलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "आता मावशी निजली म्हण." मी म्हटलं. मग मी तिला थोपटायची ना, तसं ती मला थोपटायला लागली. आणि ताई, मी निजले. खरोखर निजले. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, आणि तिचा हात माझ्या कपाळावर तसाच होता.

त्यापुढची धावपळ तुला माहीत आहे. चूक कुणाचीच नाही, असं सगळे म्हणाले. तूही तेच लिहितेस. पण मी झोपले होते, हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणून मी फोन उचलत नव्हते. तुझा आवाज ऐकला असता तर सांगावं लागलं असतं. हेवा करावास असं माझ्याकडे काही नाही गं.

हे वाचूनही मी यावं असं वाटलं, तर दिवस कळव, मी येते. गाणार मात्र नाही. तू गा. मी समोर खुर्ची टाकून बसेन. तिचा श्वास संथ व्हायचा ती जागा मला अजून बरोबर कळते. बादलीच्या ओळीत आहे ती, 'निजली' म्हणायच्या आधी. तिथं मी हात वर करीन. तू थांब, सगळ्यांना थांबायला सांग. गाणं अर्धवट सुटलं असं लोक म्हणतील. म्हणू देत.

शेवट मला येतो. तो मी त्या रात्री म्हटलाय. तो तू म्हणू नकोस.

तिची
मावशी