एका पिल्लाचे पाच प्लॉट

रविवार, ७ सप्टेंबर
आचल अकोल्याला परत गेली. पिल्लू इथे ठेवून गेली. तिच्या बँकेमागच्या जनरेटरखाली सापडलं होतं. तिच्या घरमालकिणीला कुत्रं चालत नाही.

तिने त्याचं नाव रोडगा ठेवलं आहे. गोवरीवर भाजलेल्या रोडग्यासारखं पोट गोल आहे म्हणून; बाकी नुसती हाडं. निवृत्त कृषी अधिकाऱ्याच्या घरात रोडगा नावाचं कुत्रं बरं दिसत नाही. या वहीपुरतं सीझर.

स्टँडवर बस लागल्यावर आचलने अट सांगितली. तिचे शब्द लिहून ठेवतो. "पप्पा, दिवाळीपर्यंत याची तब्येत सुधारली पायजे. नाही सुधारली तं हिवरखेडले मामाच्या वावरात नेऊन सोडीन. तिथं निदान कोणी त्याचा अभ्यास करणार नाही."

तोपर्यंत दर शनिवारी त्याला पाहायला येणार म्हणाली. नोकरी लागल्यापासून ती अमरावतीला फारशी येत नाही. या गोष्टीचा इथे संबंध नाही.

ठराव : सीझरसाठी उत्तम दर्जाचं ड्राय फूड निवडणे. मंगळवारपर्यंत. आयुष्यभर शेतकऱ्यांना वाण निवडून दिले. हे किरकोळ काम आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर
गोपालच्या दुकानात गेलो. पूर्वी निव्वळ कृषी सेवा केंद्र होतं. आता तणनाशकासमोरच्या रॅकवर कुत्र्यांचं खाद्य. मी साहेब असताना त्याच्या दुकानाची तपासणी करत असे. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, एक पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाला, साहेब, सध्या हेच चालून राहिलं.

हेच वाक्य. पूर्वी सोयाबीनच्या बॅगेवर हात ठेवून म्हणायचा. चालतं म्हणून घ्यायचं, यानेच आमच्या भागाचा घात केला. मी त्याला विचारलं, यात पहिला घटक कोणता. त्याने पाकीट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, कोंबडीचा फोटो तर आहे.

विकत काही घेतलं नाही. सगळ्या पाकिटांच्या पाठीचे फोटो काढले. गिऱ्हाइकं बाजूला उभी होती. थांबली.

गुरुवार, ११ सप्टेंबर
तक्ता तयार. प्रोटीन, फॅट, फायबर, राख, कॅल्शियम. काहींत पहिला घटक मका. मका मी बाद करणार होतो, पण त्या पाकिटात कॅल्शियमचा मेळ चांगला आहे. लार्ज ब्रीडसाठी तो महत्त्वाचा. सीझरचे पंजे मोठे आहेत. लॅब्रेडॉरचा अंश असावा.

गीतांजली म्हणते, पोरीने अकोल्याहून आणलेलं पाकीट तो चाटूनपुसून खातो, मग शोधता काय? आवड हा निकष नाही. बोगस बियाण्याचं पाकीटही शेतकऱ्याला आवडतंच. बायको असली तरी तिला हे समजावून सांगितलं. ती कणीक मळत होती.

शनिवार, १३ सप्टेंबर
आचल आली. सीझरला मांडीवर घेऊन दुपारपर्यंत झोपली. पाटवडी खाल्ली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि तक्ता पाहिला. बराच वेळ बोललो. फायबर म्हणजे काय, राख कशाची असते. मध्ये एकदा हसली.

जाताना विचारलं, मग घेतलं का एखादं? मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे. पुढच्या शनिवारी ठरवूच म्हणाली.

घाई करण्यात अर्थ नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर
कागदावरच्या आकड्यांनी काही सिद्ध होत नाही. प्रात्यक्षिक हवं. गोपालकडून चार वाण आणले. आचलचं पाकीट म्हणजे वाण क्रमांक एक. मागच्या अंगणात पाच वाट्या, दक्षिणोत्तर, सारखं अंतर. प्रत्येकीसमोर तारेला लावलेली पाटी. खात्यात असताना असे प्लॉट रस्त्याच्या कडेला लावायचो, म्हणजे जाणारा-येणारा पाहतो. इथे कपडे वाळत घालायला गीतांजली येते.

तिने विचारलं, कोणत्या वाटीवर कोणतं पिल्लू? पिल्लू एकच आहे असं सांगितलं. मंग कोन्या वाणाचं पीक आलं ते कसं समजन, म्हणाली. तिने कधी खात्यात काम केलेलं नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर
पाचही वाट्या रिकाम्या. सुरुवात भिंतीकडून. वाट्यांचा क्रम उलटा केला. पुन्हा भिंतीकडूनच. भिंतीशी सावली आहे. 'सावलीचा परिणाम' असा शेरा मारला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
पावसाची झड. हवेत दमटपणा. सीझरचं पोट बिघडलं. दमटपणामुळे.

शनिवार, २० सप्टेंबर
आचल आली ती भिजूनच. सीझरकडे पाहिलं आणि बॅग खाली न ठेवता ऑटो बोलावला.

दवाखान्यात नवीन डॉक्टर, आकांक्षा नाव. आचलच्याच वयाची. काय खातो विचारलं. पाच वाण, समप्रमाणात, असं मी सांगितलं. हे कोणी सांगितलं म्हणाली. मी म्हणालो, आराखडा माझाच. तिने पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं : पिल्लांसाठीचं कोणतंही एक चांगलं फूड द्या, पण एकच. बदलायचंच झालं तर आठवडाभर थोडं थोडं जुन्यात मिसळून. लॅब्रेडॉरच्या अंशाचा मुद्दा मी मांडला. तिने शेपटी पाहिली आणि नाही म्हणाली. शुद्ध देशी.

परत येताना ऑटोत आचल टोकाला सरकून बसली. सीझर तिच्या ओढणीत होता.

सीझरच्या आजारपणामुळे तिने मुक्काम वाढवला. सोमवारी पहाटेच्या गाडीने जाईल. दोन दिवस जास्तीचे. योगायोग.

सोमवार, २२ सप्टेंबर
घट बसले. आचल गेली. नवा ठराव : यापुढे एकच वाण.

कोणता, हे डॉक्टरने सांगितलं नाही. 'चांगलं' म्हणाली. चांगल्याची व्याख्या केली नाही. म्हणजे निवड अजून बाकी आहे. गीतांजलीने पाट्या उपटून ठेवल्या आहेत. कपडे वाळत घालताना टोचतात म्हणे.

शनिवार, २७ सप्टेंबर
आचल आली नाही. बँकेची सप्टेंबर क्लोजिंग. फोनवर विचारलं, रोडग्या कसा आहे. मी खरं ते सांगितलं, उत्तम आहे. मग झालं तर, म्हणाली.

पोट पूर्ण बरं. खेळतो. माझी एक चप्पल संपवली. वाटी आता गीतांजलीच भरते. वाण दोन ते पाचचे डबे आठवडाभरात तसूभरही उतरलेले नाहीत. झाकणं चांगली आहेत.

दिवसभर घरात करण्यासारखं काही नव्हतं. दोनदा गोपालकडे जाऊन आलो.

सोमवार, २९ सप्टेंबर
गोपालकडे नवीन आलं आहे. धान्यविरहित, मासळीयुक्त. तक्त्यात हा रकाना नसेल तर तुलना अपुरी राहते. आठवडाभर मिसळत बसायला वेळ नाही, शनिवार जवळ आला आहे. सकाळी एक वाटी दिली. गीतांजली तेव्हा देवळात होती.

बुधवार, १ ऑक्टोबर
पुन्हा तेच. सीझर पलंगाखाली. पाणीही पीत नाही. आचलला फोन केला. ती घाबरली. काळजी करू नकोस, असं म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं. उद्या दसऱ्याला येते म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा गीतांजली दारात उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"पोरीले घरी आणासाठी त्या मुक्या जिवाचं पोट कावून बिघडवता? ये म्हना ना तिले सरळ."

विधान विषयाला सोडून आहे. तक्त्यातला सहावा रकाना भरला.

गुरुवार, २ ऑक्टोबर
दसरा. आचल आली. हिवरखेडहून गीतांजलीचा भाऊ सहदेव आला, तोही सोनं घेऊन. आचलनेच त्याला बोलावलं होतं. जीपमध्ये मागे गोणपाट अंथरलेलं होतं. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही.

सहदेव अंगणात गेला. पाच वाट्या अजून भिंतीशी होत्या. त्या पाहून आला, चहाची बशी हातात घेतली आणि म्हणाला, "जवाईबापू, एका वावरात पाच वाण नका पेरू म्हणून तुमी आमाले जलमभर रागावले. अन् हे काय करून राहिले?" गीतांजली हसली. आचल हसली नाही.

शेतकरी पाच वाण का पेरतो, हे मला माहीत आहे. एकाने दगा दिला तर दुसरा उभा राहतो. अडाणीपणा, असं मी शेरेबुकात लिहीत असे. माझं प्रकरण निराळं आहे. मी तुलना करत होतो.

आचलने सीझरच्या पोटावरून हात फिरवला. बरगड्या लागत होत्या. मग म्हणाली, मामा, दिवाळीपर्यंत थांबू. गोणपाट रिकामं परत गेलं.

संध्याकाळी निवड जाहीर केली. सर्व बाबींचा साकल्याने विचार करता वाण क्रमांक एक. निर्णय सर्वस्वी माझा.

शनिवार, ११ ऑक्टोबर
वजन वाढतं आहे. अंगावर चमक. वाण एकची शिफारस मी आता कोणालाही करीन. गोपालला फोन करून केली. तो म्हणाला, साहेब, पहिल्या दिवशी मी तेच तर पुढं केलं होतं. तसं मला आठवत नाही.

आचल आली नाही. ऑफिसात ऑडिट. बोलावण्यासारखं कारणही नव्हतं. सीझर ठणठणीत आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर
सर्वांत मोठी बॅग आणली. संक्रांतीपर्यंत पुरेल. दीर्घ मुदतीचं नियोजन. तब्येत सुधारली की तो इथेच राहणार. तो इथे राहिला की शनिवार ठरलेले.

आचल आज आली नाही. दिवाळीला येणारच आहे, मग आज कशाला.

बुधवार, २२ ऑक्टोबर
पाडवा. आचल काल आली. सीझर तिच्या अंगावर असा झेपावला की ती पायरीवर बसली. त्याला उलटासुलटा पाहिला, दात पाहिले, पोट पाहिलं. मग मला म्हणाली, पप्पा, पास.

आज सकाळी ओवाळणी झाल्यावर तिने सांगितलं. अकोल्यात नवी खोली घेतली आहे, मैत्रिणीसोबत. तळमजला आहे, मागे जागा आहे, मालकाला कुत्रं चालतं. आता रोडग्याचं पोट सुधारलं, त्याला प्रवास झेपन. घेऊन जाते.

मी म्हणालो, उत्तम. तब्येत नाही सुधारली तर हिवरखेड, हे ठरलं होतं. सुधारली तर कुठे, हे ठरलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
मैत्रिणीची गाडी आली. मोठी बॅग मी स्वतः डिकीत ठेवली. तक्त्याला लॅमिनेशन करून आणलं होतं, तो दिला. आचलने तो नीट पर्समध्ये ठेवायचा प्रयत्न केला. मावला नाही. सीझर मागच्या काचेतून पाहत होता. बहुधा शेजाऱ्यांच्या मांजरीकडे.

प्रकल्प यशस्वी.

शनिवार, १ नोव्हेंबर
काही नाही. अंगण धुतलं. दुपारी गोपालकडे गेलो. त्याने खुर्ची दिली. काय पाहिजे विचारलं. मी रॅकवरच्या पाकिटांच्या पाठी वाचत बसलो.

संध्याकाळी आचलला फोन लावला, पाठपुरावा म्हणून. काय खातो? वाण एकच, शिवाय वरच्या काकूंची पोळी. पोट? चांगलं. झोप? चांगली. मग ती म्हणाली, अजून काही, पप्पा? मी राखेचं प्रमाण सांगितलं. ती लिहून घेते म्हणाली. फोन ठेवणार होतो.

गीतांजलीने तो माझ्या हातातून घेतला.

"शनिवारी ये व. तुझे पप्पा घरात नुसते इकडून तिकडे करून राहिले."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. गीतांजलीने फोन मला परत दिला आणि सांगितलं, येते म्हणते. म्हणे, कोणी बोलावलंच नाही इतके दिवस.

पद्धत अशास्त्रीय आहे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या शनिवारी खात्री करावी लागेल. पाटवडीसाठी बेसन आणून ठेवलं.

गीतांजलीने आता विचारलं, रोडग्याले पन आणते का ती? हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.