बाबांचा संच

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी बुद्धवंदना झाल्यावर वायरलेस संचावरून शेतातल्या बाबांशी बोललो. तिथे मोबाईलला रेंज नाही आणि ते तिथली राहती खोप सोडत नाहीत. तेवढ्यात शेजारच्या कौसाबाई दारात आल्या. "भाऊ, तुम्ही बोलाया लागले की आमचा फोन लागत न्हाई. काल सून बाळंतपणाला अडली, जीप बोलावता आली न्हाई. बैलगाडीत नेली, वाचली कशीबशी. बाप काय तुम्हालाच हाय का?"

मला ठाऊक नव्हतं? होतं. संच लावला की माझ्याही मोबाईलची रेंज पडते. पाहून गप्प बसत आलो. पंचशील म्हणणाऱ्या तोंडाने.

दुपारी शेतात जाऊन बाबांना सांगितलं. "बराबर हाय," एवढंच म्हणाले. घरी येऊन संचाची ताकद अगदी खाली आणली. आता शेजारचे फोन लागतात. माझा आवाज शेताच्या वाटेतल्या ओढ्यापर्यंतच जातो. बाबा पलीकडे.