सहीमागची ओळ

बाई, आज तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही समोर नसल्यामुळे मीच जिंकेन असं दिसतं. उद्या माझा संग्रह वाचनालयात जातोय. लेखकांच्या सह्यांचे तीनशेच्या वर कागद. संपादकांना धाडलेली रागाची पत्रं, दुरुस्त्यांनी भरलेली मुद्रितं, लग्नाला येणं जमत नाही म्हणून कळवलेली कार्डं, एका कवीनं दूधवाल्यासाठी दाराला अडकवलेली चिठ्ठीसुद्धा. एक जागा सोडली तर मी कशालाही कात्री लावलेली नाही की डिंक लावलेला नाही. पुण्या-मुंबईचे संग्राहक मला फोन करून विचारतात, हा कागद अस्सल आहे का, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. ही सगळी ऐट तुमच्या एका रागावण्यातून आलेली आहे. आणि ती एक जागाही तुमचीच आहे.

मी नववीत होते. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली असतील. तुम्ही शिकलात निजामाच्या काळात, उर्दूतून. मराठी तुमच्या घरची, पण ती कागदावर उतरवायची म्हटलं की तुम्हाला धाकधूक वाटायची. फळ्यावर वाक्य लिहून झालं की दोन पावलं मागं सरून ते बघायचात, पाहुण्यापुढं ठेवलेल्या ताटाकडं बघावं तसं. तरी पद्धत तुमचीच: धडा संपला आणि त्याचा लेखक हयात असला, की साऱ्या वर्गानं मिळून त्याला जोडकार्ड टाकायचं. एका कार्डावर आमचा मजकूर, दुसरं कोरं, त्यांच्या उत्तरासाठी. त्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या लेखकाला कार्ड गेलं, आणि त्याच दिवशी बुकपोस्टानं त्यांनाच तुमची स्वतःची पहिली मराठी कथाही गेली. आम्हाला ते कळलं, कारण टपाल गेलं का म्हणून तुम्ही शिपायाला तीनदा विचारलंत.

उत्तर आलं. मी मॉनिटर, टपाल आणायचं काम माझं. मुलींना चार ओळींचा आशीर्वाद, खाली उजव्या कोपऱ्यात झोकदार सही. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली स्वाक्षरीची नवी कोरी वही दप्तरात होती. मग काय विचारता! मधल्या सुट्टीत हस्तकलेच्या कपाटातली कात्री काढली, सही कापली, तिथलीच खळ लावली आणि वहीच्या पहिल्या पानावर दाबून बसवली. उरलेलं कार्ड मोठ्या शहाणपणानं तुमच्या हातात आणून दिलं.

तुम्ही ते उलटलंत. पत्त्याच्या बाजूला, डाव्या अर्ध्या जागेत, बारीक अक्षरात तुमच्याबद्दल मजकूर होता. मी ती बाजू पाहिलीच नव्हती. ‘तुमच्या बाईंची कथा मिळाली. तिच्याविषयी’ आणि पुढं भोक.

“ही बेअदबी झाली गं,” तुम्ही म्हणता. आवाज चढलेला नाही, तेच वाईट. “माणसाचा अंगठा तेवढा कापून आणलास. माणूस कुठाय?”

मी रडत वही काढते, चिकटवलेली सही ओढायला जाते. तुम्ही माझं मनगट धरता. “ओढू नको. फाटलं तर तेवढंबी जाईल. राहू दे.” दुसऱ्या दिवशी ते भोकाचं कार्डही तुम्ही मलाच देऊन टाकलंत. एक कागद दोन घरांत असू नये म्हणालात. माझा संग्रह तिथून सुरू झाला.

पुढं तुम्ही लिहीत राहिलात. दिवाळी अंकांत तुमच्या कथा येऊ लागल्या, आणि कुणीही भेटलं की माझ्याकडं बोट दाखवून सांगायचात, “माझा निकाल हिच्या वहीत चिकटलाय.” आणि हसायचात. मला मात्र ते हसू टोचायचं. म्हणून ओल्या टिपकागदानं जुनी खळ सोडवायला शिकले तेव्हा पहिली हीच सही सोडवली. एक दुपार गेली, पण एक अक्षरही पुसलं नाही. मागं लिहिलं होतं: ‘वाचून झाल्यावर कळवीन. सध्या सवड नाही.’ एवढंच. नंतर त्यांचं कधी काही आलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही.

मी तशीच एसटीनं खुलताबादला आले. निवृत्त होऊन तुम्ही गावी राहायला गेला होतात. स्वयंपाकघरात भाकरी थापत होतात, कोपरापर्यंत पीठ.

“एवढ्या उन्हाचं काय काढलंस?”

“बाई, ते सहीमागचं…”

“निघालं व्हय?” तुमचे हात थांबले. मग माझं उत्तर यायच्या आत तुम्हीच बोलायला लागलात. “मला वाटतं, त्यांनी लिहिलं असंल की भाषा इथल्या मातीची हाय, ती सोडू नका. म्हणून तर मी लिहीत गेले. तसंच असंल, नाय?”

“खळ लई पक्की आहे, बाई. निघत नाय.”

तुम्ही मान हलवलीत आणि भाकरी तव्यावर टाकलीत. मला हायसं वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

तर भांडण असं आहे. कागद अख्खा ठेवावा, हे तुम्ही शिकवलंत आणि मी आयुष्यभर पाळलं. पण ते कार्ड अख्खं तुमच्या हाती पडलं असतं, तर तुम्ही दुसरी कथा लिहिली असती का? मला नाही वाटत. त्या सवड नसलेल्या माणसाच्या जागी माझी कात्री आली, आणि तुमच्या भाषेला तुम्हीच शाबासकी दिलीत. ती शाबासकी खरीच होती. तुमच्या कथा मी पुन्हा वाचल्यात, मला कळतं त्यातलं.

वाचनालयातली मुलगी कालपासून घरी येऊन यादी करतेय. हुशार आहे, प्रत्येक कागद उलटून बघते. पाकिटातली सुटी सही अजून तिच्या हाती लागली नव्हती. आज ती यायच्या आधी मी मैदा शिजवला, खळ केली आणि ती सही वहीच्या पहिल्या पानावर, जुन्याच डागावर, पुन्हा पक्की चिकटवली. यादीत त्या सहीपुढं माझ्या अक्षरात लिहिलं: मागील मजकूर वाचता येत नाही. अस्सल-नकलीचा न्याय करणाऱ्या माझ्यासारखीच्या यादीतली ही खोटी नोंद. हे पत्र कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून ते चुलीत जाईल. पण बाई, तुमच्यापाशी लपवत नाही: खळ लावताना मला जराही वाईट वाटलं नाही.