बारा त्रिकोण

८ नोव्हेंबर १९५४, सिअ‍ॅटल

वही आणून तीन आठवडे झाले, आज पहिलं पान. रोज उद्यावर ढकललं. खरं तर काय लिहावं तेच कळेना. सफरचंदं तोडत होतो तेव्हा सोपं होतं – इतक्या पेट्या भरल्या, संपलं. आता विमानाच्या कारखान्यात मी त्रिकोण काढतो! पंखाच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा, अख्खा पंख त्रिकोणांत तोडायचा, प्रत्येक कोपऱ्याला आकडा द्यायचा, प्रत्येक त्रिकोणाचं एक भोकं पाडलेलं कार्ड. मग ती कार्डं वाचून गणिताचं मशीन सांगणार, पंख कुठे ताणला जाईल, किती थरथरेल. कसं, देव जाणे.

कल्पना मिसेस थोरसेनची, माझ्या वरच्या इंजिनिअर बाईंची. "एक त्रिकोण समजला की झालं, लोवेल. पंख म्हणजे त्यांचीच गोधडी." मला तो एकही समजलेला नाही.

९ नोव्हेंबर

उत्तरं आली. पंखाचं टोक वर ढकललं की गणितात ते – खाली जातं! विभागाचे मुख्य प्रुइट साहेब हसून लाल. "बाई, तुमचं विमान उडणार की बुडणार?" मग एकदम थंड – "शुक्रवारपर्यंत जमवा. नाही तर त्रिकोण बंद, आणि तुमची नोकरीही."

ती माझ्याकडे वळली. "कार्डं तपासलीस?" तपासली होती! "नीट, की तुझ्यासारखी?" सगळ्यांदेखत. फार लागलं.

१० नोव्हेंबर

ती सूत्रं पहिल्यापासून मांडतेय. जेवणाचा डबा तिनं उघडलाच नाही. मी खिडकीतून बोटी बघितल्या. अलास्काच्या एका बोटीवर आचाऱ्याला मदतनीस हवाय म्हणे.

१२ नोव्हेंबर

नाही जमलं. प्रुइट साहेब तिला म्हणाले, "सोमवारी टेबल रिकामं करा." ती नुसतं "बरं" म्हणाली. युद्धापासूनची तिची मेहनत, आणि नुसतं बरं!

१३ नोव्हेंबर

दाढी करताना आरशात मागचं घड्याळ दिसलं. काटा उलटा पळतोय. ब्रश हातातच राहिला.

पहिल्या दिवशी तिनं बजावलं होतं – कोपरे घड्याळाच्या उलट दिशेनेच मोजायचे, नाही तर क्षेत्रफळ उणे येतं. मला वाटलं, मास्तरकी! शेवटचे बारा त्रिकोण हुबेहूब पलीकडच्या बारांसारखे होते. कंटाळा आला, बोटीचा भोंगा झाला, मी कागद पालथा घालून कोपऱ्यांच्या क्रमासकट गिरवून टाकले. आरशातल्यासारखे!

तो कागद घरीच आहे – त्यात सँडविच गुंडाळून आणलं होतं. उलगडला. मोहरीच्या चटणीचा डाग, आणि बारा त्रिकोण, सगळे उलटे फिरलेले. म्हणजे ढकललं की ते अडवत नाहीत, आणखी पुढे ओढतात, मग हिशेब जुळवायला गणितात टोक खाली जातं. असंच ना? की नेहमीसारखं मला काहीच कळलेलं नाही?

सांगितलं तर ती वाचेल, मी जाईन. पण मी तर त्या अलास्काच्या बोटीवर जायलाच निघालोय! मग भीती कसली? जातानाही शहाणा म्हणून जायचंय – हे काय खूळ!

१४ नोव्हेंबर

बॅग भरली. बोट चारला. कागद बॅगेत घातला. काढला. परत घातला.

१४ नोव्हेंबर, दुपारी

घरमालकीण खालून ओरडली, "अहो बोटवाले, कोण बाई आल्यात बघा! नखशिखांत भिजल्यात, आत या म्हटलं तर येत नाहीत." मिसेस थोरसेन! जिन्यावरूनच ऐकू आलं – "त्याला एवढंच सांगा, चूक माझ्याच सूत्रात असणार. त्या दिवशी पोरावर उगाच ओरडले."

बॅग राहू दे. कागद घेऊन खाली चाललोय.