खिडकीच्या कट्ट्याखालचा हिस्सा काकांना

मी, खाली सही करणारी, या घरच्या काकांची पुतणी, जिला सगळे भिंगरी म्हणतात, वय चोवीस, धंदा म्हणाल तर फिरणे, आज पूर्ण शुद्धीत आणि दोन्ही मोजे घालून हे लिहिते. उद्या सायकलवरून डोंगरापलीकडे निघते. मरायचा विचार नाही. पण काकू म्हणाली, "जातेस तर जा, पण हा पसारा कुणाचा ते लिहून जा. मागच्या खेपेची तुझी कढई अजून सांभाळतेय मी." सबब हे मृत्युपत्र.

कलम एक. स्थावर मालमत्ता: नाही. माझ्यात स्थावर असं काहीच नाही, हे काका रोज सांगतात.

कलम दोन. डोंगर चढायचे बूट वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. (रद्द. नर्सबाई साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असं खालचा न्हावी म्हणतो. नर्सबाईंचा चेहरा उतरला. न्हावीही साक्षीदार, म्हणून त्यालाही काही नाही.)

कलम तीन, आणि खरं तर एवढ्यासाठीच बसले आहे: पुढच्या खोलीतले पडदे. हे माझे आहेत. आतलं अस्तर माझ्या तंबूचं, मधला थर माझी उसवलेली स्लीपिंग बॅग, वरचं कापड तेवढं काकूच्या जुन्या चादरीचं. काकू त्या खोलीत घड्याळं दुरुस्त करते. खिडकीतून गारठा आला की तिची बोटं आखडतात, चिमट्यातून स्क्रू उडतो, आणि मग आम्ही तिघं फरशीवर रांगतो. हीटर वाढवला की काका विजेच्या बिलाचं नाव काढून तो बंद करतात. परवा काकू म्हणाली, बोटं अशीच राहिली तर हे काम सोडते. हसत म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

तेव्हा मी पडदे शिवले. जाडजूड, दोन्ही बाजूंनी भिंतीला चिकटणारे, वर आडवी फळी, म्हणजे ऊब वरून निसटू नये. आणि लांबी खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच, कारण कट्ट्याखाली हीटर आहे.

आता काका. काका जन्मभर नाट्यगृहात पडदा ओढायचे. माझं काम बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "भिंगरे, हा पडदा आहे की परकर? पडदा जमिनीला टेकतो. नाहीतर मागच्यांचे पाय दिसतात."

"मागे कोण आहे, काका? हीटर आहे."

"मग त्याचे दिसतात!"

मी दोरा आणायला बाजारात गेले. वाटेत एकाची तीन चाकांची सायकल दिसली, तिची गोष्ट फार छान आहे, पण ती नंतर. परत येते तर काकांनी उरलेल्या तंबूचा पट्टा पडद्यांना खाली जोडून टाकलेला. टाके सुरेख, हे इथे नोंदवते. पडदा जमिनीला टेकला आणि हीटर त्याच्यामागे गेला. तेव्हापासून आमची सगळी ऊब पडदा आणि काच यांच्यामध्ये मुक्कामाला असते. बाहेर कबुतरं काचेला टेकून शेकतात, आत काकू स्वेटरवर कोट चढवते. आणि बिल वाढलं ते माझ्या पडद्यांमुळे, असं काका न्हाव्याच्या दुकानात सांगतात.

काकूला सगळं कळतं. पण ती त्यांना कापा म्हणत नाही. "नाट्यगृह बंद झाल्यापासून त्यांच्या हातात दोरी नाही गं," एवढंच म्हणते.

सबब वाटणी येणेप्रमाणे. कट्ट्याच्या वरचा पडदा काकूचा, त्यावर कुणी हक्क सांगू नये. कट्ट्याच्या खालचा काकांचा. तो त्यांनी स्वतःच्या हाताने कापून घ्यावा. गुंडाळी करून दाराखालच्या फटीला लावला तर उत्तम, पण माझी सक्ती नाही. पडद्याची दोरी मात्र अख्खी काकांना. ऊन आलं की उघडायचा, ऊन उतरलं की बंद करायचा, आणि हे काम दुसऱ्या कुणी करू नये. मी ओढते तेव्हा कड्या खडखडतात. काकांनी ओढला तर पडदा कधी सरकला ते कळतही नाही.

साक्षीदार: खालचा न्हावी (सही). वरच्या नर्सबाई (सही, नाराजीने).

ताजा कलम. सह्या चालू असताना न्हाव्याने कलम तीन मोठ्याने वाचलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काका दारातच उभे होते. ते आत आले. मग म्हणाले, "म्हणजे ही भिंगरी मरेपर्यंत मी बायकोला गारठत ठेवू? कात्री कुठंय?"

पट्टी न लावता, सरळ रेषेत कापलं. मग दोरी हातात घेतली, न्हाव्याला म्हणाले, "बडबड बंद, पडदा आहे," आणि ओढला. एकही कडी वाजली नाही.

वारसांनी आपापला हिस्सा आगाऊ उचलला, मालकीण हयात असताना. आता वाटायला उरली ती कढई. ती कुणाला देऊ नये. मी परत येणार आहे.

ठिकाण: काकूचं घड्याळांचं टेबल.
दिनांक: काकूने कोट काढून खुर्चीवर टाकला तो दिवस.
सही: भिंगरी