वैयक्तिक प्रश्न घेतले जाणार नाहीत

३ मे, रविवार

पहिला वर्ग झाला. उत्तम. पाळकसाहेबांनी चर्चची मागची खोली दिली आहे, उपासनेनंतर एक तास. लोक वर्षानुवर्षं बायबल वाचतात आणि त्यांना ओ की ठो कळत नाही, हे मी त्यांना पटवून दिलं. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्यापासून माझा आवाज नुसता वाया चालला होता.

नियम फळ्यावर लिहिले. प्रश्न एका वाक्यात. अध्याय आणि वचन सांगून. एका माणसाला एकच. वैयक्तिक काही नको. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. शाळेत पालक यायचे, तासभर रडायचे आणि शेवटी कळायचं की प्रश्न असा नव्हताच.

नियम मोडला की घंटी. शाळेच्या टेबलावरची पितळी घंटी मी घरी आणली होती, ती अखेर कामी आली.

पहिला प्रश्न दातांच्या डॉक्टरांचा. काइनाला बायको कुठून मिळाली? हसत हसत विचारलं. हा प्रश्न सगळे हसतच विचारतात, जणू तो जगात पहिल्यांदा त्यांनाच सुचला. उभं केलं. अध्याय विचारला. आला नाही. उत्पत्ती, चौथा. उत्तर लगेच पाचव्यात आहे, पान उलटायचे कष्ट घेतले असते तर. बसले तेव्हा हसत नव्हते. प्रगती.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं, योना देवमाशाच्या पोटात श्वास कसा घेत होता. मी सांगितलं, तिथे मोठा मासा आहे, देवमासा तुमच्या पदरचा. म्हणाल्या, बरं, मोठा मासा. पण श्वास? घंटी वाजवली.

संकल्प: सुनेला वर्गात आणणे.

५ मे, मंगळवार

सून अजून दार लावून बसते. बाळ जाऊन तीन महिने होत आले. मुलगी होती, वेळेच्या फार आधी झाली, हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत आठवडाभर होती. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण मी नसते तर या घराचं काय झालं असतं कोण जाणे. सून हॉस्पिटलातून यायच्या आत पाळणा, दुपटी, झबली, सगळं देऊन टाकलं. डोळ्यांसमोर नको. खोलीला नवा रंगसुद्धा लावून घेतला. त्याबद्दल अजून कोणी थँक्यू म्हटलेलं नाही, मीही अपेक्षा ठेवत नाही.

दफनाचंही मीच पाहिलं. चर्चच्या मागेच जागा. दगडावर फक्त आडनाव घालायला सांगितलं. कुटुंबाची जागा आहे, पुढे कोणालाही उपयोगी पडेल. दोघांनी काचेच्या पेटीतल्या बाळाचं काहीतरी नाव ठेवलं होतं. मुलगा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सांगायला लागला तेव्हा मी थांबवलं. नाव कळलं की माणूस आठवत बसतो.

मुलाला आज म्हटलं, तिला रविवारी पाठव, डोकं कामाला लागलं की रडं थांबतं. म्हणाला, आई, थोडी थांब ना. मी म्हटलं, थांबून थांबूनच तिची ही अवस्था झाली आहे. तो भाजी चिवडत राहिला. लहानपणीही असाच.

१० मे, रविवार

सून आली. दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पण आली. मी जिंकले.

आणि प्रश्नही विचारला. शमुवेलाचं दुसरं पुस्तक, बारावा अध्याय, चौदावं वचन. गुन्हा दावीद राजाने केला, मग मेलं ते बाळ का? एक वाक्य. अध्याय, वचन, सगळं चोख. डॉक्टरांकडे मी मुद्दाम एक कटाक्ष टाकला.

उत्तर नीट दिलं. एकाने गडबड केली तर अख्ख्या वर्गाला शाळा सुटल्यावर थांबवतात, त्यातलाच प्रकार. शिस्त ही माणूस बघून लावायची नसते. सून म्हणाली, म्हणजे बाळालाही थांबवलं. मी म्हटलं, बरोबर, पॉइंट पकडलास.

ऑर्गनबाईंना फार खोकला झाला होता. औषध सुचवलं.

१७ मे, रविवार

अटेंडन्स थोडा कमी. सुट्ट्या आहेत.

सून तयारी करून आली. निर्गम, बारावा, एकोणतिसावं. मिसरात सगळ्यांची पहिली मुलं मेली, त्यांत तळघरातल्या कैद्याचंही. त्या कैद्याने कोणाचं काय बिघडवलं होतं? पुन्हा एका वाक्यात. मी सांगितलं, शिक्षा सरसकट होती, एकेकाला सूट देत बसलं तर तिला काही अर्थ राहत नाही. सहलीला सगळे नाहीतर कोणीच नाही, असंच मी शाळेत करत असे.

डॉक्टर मध्येच उठून गेले. दाढ दुखते म्हणाले. दातांच्या डॉक्टरची दाढ.

१९ मे, मंगळवार

आज भांडी घासताना लख्ख प्रकाश पडला. सुनेचा एकूण एक प्रश्न लहान मुलांबद्दल आहे. दाविदाचं बाळ, मिसरातली मुलं. हिला मुलांच्यात काम करायचं आहे आणि तोंडाने सांगता येत नाही! चर्चच्या रविवारच्या शाळेत नर्सरीचा वर्ग रिकामाच आहे, तिथल्या बाईंची बदली झाली. तीन-चार वर्षांची गोड मुलं. दर रविवारी ती अंगाखांद्यावर खेळली की ही महिन्यात माणसात येईल.

पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, बाई, तिला विचारलंय का? मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. म्हणाले, आपण प्रार्थना करू. म्हणजे परवानगी मिळाली.

संकल्प: सरप्राइज द्यायचं. आधी विचारलं की माणसं नाही म्हणतात.

२४ मे, रविवार

आजचा प्रश्न शास्ते, अकरावा. इफ्ताहने नवसापायी मुलीचा बळी दिला. बापाचं नाव आहे, गावांची नावं आहेत, मुलीचं नाव का नाही? मी म्हटलं, हजेरीपटावर सगळ्या जगाची नावं मावत नाहीत. कथेला गरज असेल तेवढीच घेतात.

सून म्हणाली, आई, तिची कथाच होती ती. हा प्रश्न नव्हता, शेरा होता, म्हणून घंटी वाजवली नाही. घरच्या माणसाला मी एवढी सवलत देते.

मी मात्र मनात हसत होते. पुन्हा मूल! निदान पक्कं.

३१ मे, रविवार. दुपार

सरप्राइज झालं.

उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादानंतर लोक उठायच्या आत मी पुढे गेले आणि जाहीर केलं की माझी सून आजपासून नर्सरीचा वर्ग घेणार. मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. पुढचे लोक जरा मंद आहेत. ऑर्गनबाईंना मी खूण केली होती, आनंदाचं काहीतरी वाजवा म्हणून. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. ऐनवेळी हे असं.

मुलांची रांग मी ठरवून ठेवली होती. सगळ्यांत लहान मुलगी पुढे येणार आणि सुनेचा हात धरणार. तसंच झालं. सून उभी राहिली, मुलीकडे बघत राहिली, आणि तो हात सोडेचना. मुलीच्या आईला येऊन बोटं एकेक करून सोडवावी लागली. किती पटकन लळा लागतो मुलांचा! मग सून मधल्या वाटेने सरळ बाहेर निघून गेली. भिडस्त आहे. भीड हळूहळू जाईल.

वर्ग आज रद्द. कोणी थांबलं नाही.

तीच तारीख. संध्याकाळ

मुलगा स्वयंपाकघरात आला. दार लावून घेतलं. हळू आवाजात म्हणाला, आई, आज तू काय केलंस ते तुला कळतंय का. मी म्हटलं, जे विचारायचं ते स्वच्छ एका वाक्यात विचार. म्हणाला, एकच वाक्य होतं.

आजकाल उलट उत्तरं देतो. सुनेचा परिणाम.

७ जून, रविवार

आजचा वर्ग दर्जेदार होता, संख्या थोडी असली तरी. ऑर्गनबाई, सून, चर्चचा राखणदार. तो पंख्याखाली बसायला येतो, पण बसतो. मुलगा भिंतीला टेकून मागे उभा. पहिल्यांदाच आला. मला बरं वाटलं.

सून उठून उभी राहिली. मी सांगितलेलंही नव्हतं. ईयोब, बेचाळिसावा, दहा ते तेरा. ईयोबाची मेंढरं, उंट, बैल, गाढवं सगळी दुप्पट करून परत दिली, मग मुलं पहिल्याइतकी दहाच का?

उत्कृष्ट प्रश्न. याची दोन उत्तरं आहेत आणि मला दोन्ही येतात. एक असं की आधीची दहा देवाजवळ जिवंतच आहेत, ती हरवलेली नाहीत, म्हणून दहाच दिली आणि एकूण दुप्पटच झाली. हे उत्तर हळव्या लोकांना फार आवडतं. मी ते देत नाही, रडारड होते. दुसरं प्रॅक्टिकल आहे, ते दिलं. दहा गेली, दहा आली, भरपाई झाली. वर प्रेमाने सांगितलं की तूही तरुण आहेस, पुढच्या वर्षी याच वेळेला बघ. माझा नियम मीच मोडला, पण तिच्यासाठी.

सून म्हणाली, नंतरच्या तीन मुलींची नावं दिली आहेत, आई. आधीच्या दहांपैकी एकाचंही नाही. त्या घरात कोणी विचारलीच नसतील का?

हा दुसरा प्रश्न झाला. घंटी वाजवली.

तिने खुर्ची उचलून भिंतीला नीट लावून ठेवली. मुलाने तिची पर्स घेतली. दोघं गेले. ऑर्गनबाई डोळे पुसत होत्या. सर्दी अजून बरी नाही. माझं औषध घेतलेलं दिसत नाही.

९ जून, मंगळवार

दोघं वेगळं राहायला गेले. ऑफिसला जवळ पडतं म्हणाला. मी मनातल्या मनात अंतर काढलं, लांब पडतं. बोलले नाही, मोठ्या मनाने.

सामान फारसं नेलं नाही. जाताना सून वाकून नमस्कार करेल म्हणून मी पदर सावरून उभी होते. तिने किल्ली टेबलावर ठेवली. घंटीशेजारी.

त्यांच्या खोलीत आता माझी स्टडी करणार. रंग नवा आहे, आयताच.

१४ जून, रविवार

वर्गाला राखणदार. प्रश्न नाही.

पाळकसाहेब म्हणाले, बाई, थोडा ब्रेक घेऊ या का? मी म्हटलं, आत्ता कुठे लोकांना गोडी लागते आहे. ते बुटांकडे बघत होते. त्यांनीच मग सांगितलं की ऑर्गनबाईंच्या घरी याच वेळेला काही लोक जमतात. डॉक्टरही जातात. आमची दोघंही. मी विचारलं, तिथे उत्तरं कोण देतं? म्हणाले, कोणीच नाही, एकजण वाचतो आणि मग सगळे बसून राहतात.

नुसते बसून राहतात. वेळेचा असा अपव्यय मी शाळेत एक दिवस चालू दिला नसता. पंधरा दिवसांत कंटाळून इकडे येतील.

संकल्प: तेव्हा मागचं काही काढायचं नाही. जागेवर बसा, एवढंच म्हणायचं.

२० जून, शनिवार

मुलाला फोन केला. नर्सरीचा वर्ग अजून रिकामा आहे, तिला सांग, मी राखून ठेवला आहे. म्हणाला, आई, ठेवतो. मला वाटलं वर्ग ठेवतो म्हणाला. फोन ठेवला होता.

२८ जून, रविवार

वेळेआधी गेले. खुर्च्या अर्धगोलात लावल्या, तसं जास्त आपुलकीचं दिसतं. फळ्यावरचे नियम पुन्हा गिरवले. ईयोबावर नवीन टिपणं काढली होती, दोन्ही उत्तरांची. पहिलंही द्यायचं ठरवलं होतं, कोणी आलं तर.

राखणदार आला, पंखा लावला. बसता बसता म्हणाला, बाई, बाळाचा दगड बदललात ते बरं केलंत. दादा-वहिनी दर शनिवारी येतात. नाव काय सुंदर काढलंय त्यावर, आणि शोभतं हो.

मी म्हटलं, हो, छान आहे.

तो लगेच झोपला.

खोलीच्या मागच्या दारातून तो दगड दिसतो. पण त्याची पाठ इकडे आहे. वळसा घालून जायला हवं, आणि गवत ओलं होतं, माझ्या चपला नव्या. शिवाय चष्म्याचा नंबर बदलायचा आहे. वर्ग चालू असताना शिक्षकाने जागा सोडायची नसते, हेही आहेच.

राखणदाराला उठवून विचारता आलं असतं. पण आजीने ते त्याला कसं विचारायचं?

तास संपायला थोडा वेळ होता. कोणी आलं नाही. मला स्वतःलाच एक प्रश्न पडला. एका वाक्याचा होता. अध्याय नाही, वचन नाही. शिवाय वैयक्तिक.

घंटी वाजवली.

राखणदार दचकून उठला. म्हणाला, संपलं का बाई, पंखा बंद करू?

म्हटलं, कर.